पावसाची जोखीम व तिचे मोजमाप

शेतीच्या धंद्यात जोखीम ही नित्याचीच बाब होय. बी जमिनीत पडल्यापासून माल बाजारात विकला जाईपर्यंत शेतकऱ्याच्या मनास स्वस्थता नसते. तथापि सर्वच जोखमी एका जातीच्या नसतात, आणि हा भेद नीट ध्यानी न आल्यामुळे पीक विम्यासंबंधी गावोगाव पुष्कळ गैरसमज पसरलेले आढळतात.

एखाद्याचा बैल ऐन पेरणीत मेला, कर्ता माणूस अंथरुणास खिळला, अथवा खळ्यावरील गंजीस आग लागली, तर ती आपत्ती एका घरावर येते. शेजारी पाजारी, भाऊबंद व सोयरे त्या घरास हात देतात. बैल उसना मिळतो, धान्य हातउसने मिळते, आणि पुढील हंगामात फेड होते. मृगात पडलेला पाऊस पुढे महिनाभर दडी मारून बसला, तर मात्र साऱ्या शिवाराचे एकदमच नुकसान होते. ज्याच्याकडे हात पसरावयाचा तोही त्याच अवस्थेत असतो. पहिल्या प्रकारची जोखीम गावात वाटून घेता येते, दुसऱ्या प्रकारची येत नाही. आग, अपघात यांचा विमा शंभर वर्षांपूर्वीच रुळला व पिकाचा विमा मात्र अजूनही धडपडत चालला आहे, याचे मुख्य कारण या भेदात आहे.

सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावांचा अभ्यास

हा भेद केवळ तर्काने सांगितलेला नाही. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली अर्धकोरडवाहू प्रदेशांतील पिकांसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. ‘इक्रिसॅट’ या नावाने ती ओळखली जाते. या संस्थेने १९७५ पासून सहा गावे निवडून तेथील कुटुंबांच्या जमाखर्चाची बारकाईने नोंद ठेवण्यास आरंभ केला. सहांपैकी चार गावे महाराष्ट्रातील होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेड. प्रत्येक गावातील चाळीस कुटुंबे निवडण्यात आली. त्यांत तीस शेती करणारी व दहा भूमिहीन मजुरांची होती. संस्थेचे पाहणीदार त्या त्या गावातच राहत आणि दर काही आठवड्यांनी घरोघर जाऊन पेरणी, मजुरी, खरेदी, कर्ज व खाणेपिणे यांची माहिती लिहून घेत. हे काम प्रथम दहा वर्षे अखंड चालले. जगातील नामांकित विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी त्या वह्यांवरून पुढे कित्येक निबंध लिहिले. शिरापूर व कंझरा ही नावे आज दूरदेशीच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहेत, ती याच नोंदींमुळे.

त्यांतील एक महत्त्वाचा निबंध रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. शिरापूर, कंझरा व तेलंगणातील औरेपल्ले या तीन गावांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांना असे दिसून आले की, एका कुटुंबाचे स्वतःचे उत्पन्न घटले, आजारपण आले किंवा काम मिळाले नाही, तरी त्या घरातील खाण्यापिण्याचा खर्च त्या मानाने फारसा घसरत नाही. तो गावाच्या सरासरी खर्चाबरोबर चढतो वा उतरतो. गावातील देवघेवीचे व्यवहार विम्यासारखेच काम करतात, असा याचा अर्थ. परंतु गावाची सरासरीच खाली आली तर सर्वच खाली येतात. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हे संरक्षण इतरांपेक्षा कमी मिळते, असेही त्यांना आढळले.

गावाबाहेरचा आधार मिळविण्याची एक रीत याच गावांच्या नोंदींतून मार्क रोझेनझ्वाइग व ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली पुढे मांडली. मुली दूरच्या गावी देण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असते की, दूरच्या गावी पाऊस वेगळा पडतो. इकडे पीक बुडाले तरी व्याह्याकडचे सहसा त्याच वर्षी बुडत नाही आणि अडीअडचणीस उपयोगी पडते. ज्या घरांची शेती अधिक बेभरवशाची, त्या घरांच्या सोयरिकी अधिक दूरच्या असतात, असे त्यांनी दाखविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे ठाऊकच होते; विद्वानांनी त्यास आकड्यांचा आधार दिला एवढेच.

याहून अधिक विचार करण्याजोगा भाग निराळाच आहे. हान्स बिन्सवांगर यांनी या भागातील शेतकऱ्यांपुढे खऱ्या पैशांचे पण मांडून कोण किती धोका पत्करतो हे पाहिले. पण लहान असता माणसामाणसांत फरक दिसला. पण कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा झाला तेव्हा मात्र बहुतेक सर्व जण सारख्याच मध्यम सावधपणाने वागले. श्रीमंती गरिबीने फारसा फरक पडला नाही. गरीब शेतकरी स्वभावाने भित्रा असतो, ही समजूत यावरून टिकत नाही. पुढे १९९३ साली रोझेनझ्वाइग व बिन्सवांगर यांनी दाखविले की, जेथे पावसाची सुरुवात अधिक बेभरवशाची, तेथे लहान शेतकरी कमी धोक्याची, पण कमी नफ्याचीही पिके व साधने पत्करतात. मोठा शेतकरी तसे करीत नाही. म्हणजे अवर्षण पडो न पडो, गरीब शेतकरी अवर्षणाच्या केवळ भीतीपोटी दर वर्षी काही रक्कम गमावीत असतो. सुधारित बियाणे व खते यांचा प्रसार करू पाहणाऱ्या कार्यकर्त्यास शेतकरी ‘बघू पुढच्या वर्षी’ असे उत्तर देतो तेव्हा त्यास अज्ञानी समजण्यापूर्वी या निष्कर्षाची आठवण ठेवणे बरे.

जोखीम गावाबाहेर नेण्याचा मार्ग

साऱ्या गावावर एकदम येणारी आपत्ती गावात वाटता येत नसेल, तर ती गावाबाहेर वाटली पाहिजे. सहकारी सोसायटीला ते जमत नाही; कारण तिचे सभासद सारे त्याच शिवारातले. जिल्हा बँकेलाही कठीण जाते. एका अवर्षणात साऱ्या जिल्ह्याची कर्जे थकतात.

शहरांचीही गत एके काळी अशीच होती. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस नावाच्या गावी १८६१ च्या मे महिन्यात जोराच्या वाऱ्यात आग लागून बहुतेक गाव भस्मसात झाले. आगीचा विमा होता, पण तो त्या प्रांतापुरता. सारे गावच जळाल्यावर तो निधी अपुरा पडला. या अनुभवानंतर १८६३ साली झुरिच येथे विमा कंपन्यांचा विमा उतरविणारी कंपनी निघाली. आज भारतातील पीक विम्याच्या जोखमीचा एक भाग अशाच मार्गाने मुंबईस व तेथून परदेशांतील मोठ्या शहरांत पोहोचतो. मराठवाड्यातील अवर्षण, जपानमधील भूकंप व अमेरिकेतील वादळ एकाच वर्षी येतीलच असे नाही. हाच त्या व्यवहाराचा पाया होय. तो अभेद्य नाही. १९९२ साली फ्लोरिडात अँड्र्यू नावाचे वादळ झाले, तेव्हा तेथील कित्येक विमा कंपन्या बुडाल्या.

भारतात पावसाचा विमा असावा ही कल्पना प्रथम सविस्तर मांडली ती म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी. त्यांचे पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. ठरावीक प्रदेशातील पर्जन्यमापकात ठरावीक प्रमाणाखाली पाऊस नोंदला गेला की भरपाई द्यावी, प्रत्येकाच्या शेतात जाऊन नुकसान पाहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ही योजना त्या काळी अमलात आली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९७२-७३ पासून काही पिकांचा विमा प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वतंत्र उत्पादनावर उतरवून पाहण्यात आला. तो फसला. दर शेतास तपासनीस पाठविण्याचा खर्च परवडेना, आणि ज्यांच्या जमिनी हलक्या तेच अधिक संख्येने विमा घेऊ लागले. भरपाई हप्त्यांच्या कित्येक पट द्यावी लागली. त्या वेळी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली निबंध लिहून दुसरी वाट दाखविली. विम्याचा घटक शेतकरी न धरता क्षेत्र धरावे. त्या क्षेत्राचे सरासरी उत्पादन नेहमीच्या प्रमाणाखाली गेले की तेथील सर्व विमेदारांना एकाच दराने भरपाई मिळावी. यात शेतकऱ्याने मुद्दाम हयगय करण्यात लाभ नाही, कारण एकट्याच्या हयगयीने क्षेत्राची सरासरी हलत नाही. शिवाय चांगली शेती करणाऱ्यास शिक्षाही नाही. त्याचे अधिकचे पीक त्याचेच राहते. १९७९ साली याच तत्त्वावर प्रायोगिक योजना निघाली. १९८५ ची, १९९९ ची व २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्वांचा पाया हाच आहे.

सरासरीचा हिशेब

क्षेत्र म्हणजे महाराष्ट्रात बहुधा महसूल मंडळ. भरपाई कशी निघते हे शेतकऱ्यास उदाहरणाने सांगितल्यास चटकन कळते. एका मंडळात सोयाबीनचे मागील सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन अनुक्रमे १२, १४, ६, १३, १५, ९ व ११ क्विंटल आले असे धरू. २०१६ च्या योजनेच्या रीतीने त्यांतील उत्तम पाच वर्षे घ्यावयाची : १५, १४, १३, १२, ११. त्यांची सरासरी १३ क्विंटल. जोखीमस्तर ७० टक्के असल्यास उंबरठा उत्पादन ९.१ क्विंटल होते. यंदा मंडळाचे सरासरी उत्पादन ७ क्विंटल आले, तर घट २.१ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या सुमारे २३ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल तर भरपाई सुमारे ११,५३८ रुपये होईल.

येथे दोन गोष्टी शेतकरी बंधूंस स्पष्ट सांगाव्यात. ज्याच्या शेतात केवळ ३ क्विंटल पिकले त्यासही २३ टक्केच मिळतील, आणि ज्याच्या शेतात १० क्विंटल पिकले त्यासही तेवढेच. आणि मंडळाची सरासरी ९.२ क्विंटल आली तर ३ क्विंटलवाल्यास काहीच मिळणार नाही. यात कोणी त्याला फसविले असे नव्हे. त्याचा विमा मंडळाचा होता, त्याच्या शेताचा नव्हता. ही गोष्ट हप्ता भरण्यापूर्वी सांगितली गेली नाही, तर नंतर ती कितीही समजावली तरी पटत नाही, आणि पुढील वर्षी तो विमा घेत नाही.

पर्जन्यमापकाचे अंतर

उत्पादनाऐवजी पावसावर विमा बांधण्याचा चक्रवर्तींचा विचार २००३ साली पुन्हा पुढे आला. त्या वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग व एरंडी पिकविणाऱ्यांसाठी पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून भरपाई देणारा विमा निघाला. पंचनाम्याची गरज नाही, पैसा लवकर मिळतो, हा त्याचा गुण. दोष असा की पर्जन्यमापक एका जागी असतो व शेत दुसऱ्या.

जुन्या सायमन पर्जन्यमापकाचे तोंड पाच इंच व्यासाचे, म्हणजे तळहाताहून थोडे मोठे. त्या तोंडात पडलेल्या पाण्यावरून मैलोगणती शिवाराचा पाऊस ठरवावयाचा. श्रावणसरी एका शिवारावर कोसळतात व बांधापलीकडचे शेत कोरडे राहते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. याचे सर्वांत ठळक उदाहरण शहरातले आहे. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसात चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊस होता सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. त्या दिवशी केवळ कुलाब्याच्या आकड्यावर मुंबईचा विमा असता तर बुडालेल्या मुंबईस काहीच मिळाले नसते. सह्याद्रीच्या बाजूस हा फरक तर कायमचाच आहे : महाबळेश्वरी वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईस आले की तो हजाराच्याही आत येतो.

मुश्फिक मोबारक व रोझेनझ्वाइग यांनी तमिळनाडू, आंध्र प्रदेश व उत्तर प्रदेशात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, पर्जन्यमापक जितका दूर तितका शेतकरी हा विमा कमी घेतो. शेतकऱ्याने हिशेब बरोबर केला होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की, विमा घेतलेले शेतकरी अधिक उत्पन्नाच्या पण अधिक धोक्याच्या वाणांकडे वळतात. शॉन कोल, झेवियर जिने व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्र व गुजरातेत पाहिले की, किंमत उतरविल्याने खप वाढतो हे खरे, पण हाती रोख पैसा नसणे आणि सांगणाऱ्यावर विश्वास नसणे या दोन अडचणी मोठ्या आहेत. आंध्रातील खेड्यांत ओळखीच्या व विश्वासाच्या संस्थेच्या माणसाने शिफारस केल्यास अधिक लोक विमा घेत.

महाराष्ट्रात पर्जन्यमापक जवळ आणण्याच्या हेतूने महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. अंतर त्यामुळे कमी झाले, पण यंत्राची निगा हा निराळा प्रश्न राहतो. पर्जन्यमापकाच्या आसपासचे झाड अथवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. गवत वाढून तोंडापर्यंत आले, बाजूस नवी इमारत उठली अथवा नरसाळ्यात पाने अडकली, तर यंत्र खोटे बोलू लागते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी येताजाता त्या कुंपणाकडे नजर टाकून, दोष दिसल्यास तालुक्यास लेखी कळविणे इष्ट होय.

पीक कापणी प्रयोग

उत्पादनाचे माप घेण्याची आजची पद्धत ज्यांनी रुजविली त्यांत पां. वा. सुखात्मे व व्ही. जी. पानसे यांची नावे अग्रभागी आहेत. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. त्यापूर्वी पिकाचा अंदाज नजरेने, आणेवारीने होत असे. नजर अनुभवी असली तरी ती माणसाची असते. सारा माफ व्हावा असे वाटणारा एक आकडा सांगे व सारा वसूल करणारा दुसरा. म्हणून १९४० च्या दशकात यांनी अशी रीत बसविली की, शेत कोणते व शेतातील जागा कोणती हे चिठ्ठीसारखे यदृच्छेने ठरावे आणि तेवढ्या जागेतील पीक कापून, मळून, तोलून पाहावे.

महाराष्ट्रात २०२३ साली सुरू झालेला एक रुपयातील विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपास २ टक्के, रब्बीस १.५ टक्के व नगदी पिकांस ५ टक्के असा झाला, आणि भरपाईचा भार मुख्यत्वे पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर आला. काही पिकांत उपग्रहाच्या साहाय्याने काढलेल्या अंदाजासही वजन देण्यात येते. यामुळे या प्रयोगाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

पुष्कळ पिकांसाठी प्रयोगाचा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असतो. ते ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तुकड्यातील प्रत्येक चूक दोनशे पटींनी वाढते. वरील उदाहरणातील ९.१ क्विंटलचा उंबरठा तुकड्यात ४ किलो ५५० ग्रॅम होतो, आणि ७ क्विंटलचे पीक साडेतीन किलो. अवघ्या एका किलोच्या फरकात मंडळाची भरपाई बसते वा उठते. मंडळात दहा प्रयोग धरले तर एका प्रयोगातील एका किलोची चूक मंडळाच्या सरासरीत हेक्टरी २० किलोंचा फरक पाडते.

चुका कोठे होतात? पहिली जागा निवडताना. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यदृच्छेने मिळालेल्या आकड्याइतकी पावले लांबीत व रुंदीत मोजावयाची आणि तेथे खुंटी ठोकावयाची. खुंटी खडकाळ भागात पडली म्हणून चार पावले पुढे सरकावयाचे नाही. तसेच बांधाजवळ पीक दाट दिसते म्हणून तिकडेही वळावयाचे नाही. शेतकरी बहुधा चांगले पीक दाखवू पाहतो, आणि भरपाईच्या वर्षी वाईट. दोन्ही आग्रह सौम्यपणे नाकारावे लागतात. खुंटीपासून तुकडा शेताबाहेर जात असेल तेवढ्यापुरतेच दुसरे आकडे घ्यावेत.

दुसरी चूक दोरीची. दोरी ओली होऊन ताणली जाते व तुकडा चौकोनी न राहता तिरपा होतो. कर्ण मोजून पाहिल्यास हा दोष तत्काळ उघड होतो. १० व ५ मीटरांच्या तुकड्याचा कर्ण ११ मीटर १८ सेंटिमीटर भरला पाहिजे.

तिसरी व सर्वांत दुर्लक्षित बाब ओलाव्याची. सोयाबीन काढणीच्या वेळी पावसाने भिजलेले असते. समजा तुकड्यातून ५ किलो धान्य निघाले व त्यात २० टक्के ओल आहे. कोरडे द्रव्य त्यात ४ किलो. १२ टक्के ओल राहीपर्यंत ते सुकविले तर वजन सुमारे ४ किलो ५४५ ग्रॅम भरेल. ओल्या वजनाने हेक्टरी १० क्विंटल दिसलेले पीक सुकल्यावर ९ क्विंटल ९ किलो होते. पहिला आकडा उंबरठ्याच्या चांगलाच वर, दुसरा उंबरठ्याच्या खाली. अतिवृष्टीच्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षी भरपाईची खरी गरज असते त्याच वर्षी, ही चूक शेतकऱ्याच्या विरुद्ध जाते. म्हणून वाळवून घेतलेल्या नमुन्याचे वजन नोंदविल्यावाचून प्रयोग पुरा झाला असे समजू नये.

पाऊस पालटतो आहे काय?

वडीलधारी मंडळी म्हणतात, पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही. हवामानशास्त्रज्ञांनी मध्य भारतातील जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा या म्हणण्यात तथ्य आढळले, पण थोड्या निराळ्या रीतीने. भूपेंद्रनाथ गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली १९५१ ते २००० या काळातील नोंदींवरून दाखविले की, हंगामातील एकूण पावसात लक्षणीय फरक नाही. परंतु दिवसास १०० मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या व मध्यम पावसाच्या कमी झाल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दाखविले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे लोंढे अधिक अनियमित व जोरकस झाले हे कारण त्यांनी दिले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून ती अधिक काळ पाणी साठवू शकते व सोडते तेव्हा एकदम सोडते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षाचा एकूण पाऊस सारखा राहिला याचा उपयोग थोडाच. सातशे मिलिमीटर पाऊस साठ दिवसांत पडणे आणि पंचवीस दिवसांत पडणे यांत जमीन, मुळे व विहीर यांच्या दृष्टीने महदंतर आहे. एका दिवसात १०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी. त्यातील पुष्कळसे माती घेऊन नाल्यास मिळते.

विम्याच्या हिशेबावर याचा परिणाम सहसा कोणी सांगत नाही. वरील मंडळातच वाईट वर्षे वाढली असे धरू. सात वर्षांचे उत्पादन आता १२, ६, ५, १३, ९, ७ व ११ क्विंटल. उत्तम पाचांची सरासरी १०.४, व तिचे ७० टक्के ७.२८ क्विंटल. यंदा पूर्वीप्रमाणेच ७ क्विंटल पिकले, तर भरपाई ११,५३८ रुपयांऐवजी सुमारे १,९२३ रुपये. नुकसान तेच, शेतकरी तोच. फक्त मागील वर्षे खराब गेली म्हणून उंबरठा खाली आला. मागील वर्षांवरून पुढील वर्षाचा अंदाज बांधता येतो, हे सर्व विम्याचे गृहीत आहे. ते गृहीतच ढासळल्याचे पाणी व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. धरणांच्या सांडव्यापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत अनेक हिशेब त्याच गृहीतावर उभे आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या जुलैमध्ये हवामानातील बदलामुळे बँकांना येणाऱ्या जोखमीविषयी चर्चापत्र काढले.

शहरे यातून सुटलेली नाहीत. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पावसाची जी तूट शेतात तीच शहराच्या नळात, आणि शहरातील ज्या ठेवींतून पीककर्ज दिले जाते त्या बँकेच्या खात्यातही तीच.

गावाच्या हाती या साऱ्यात एक गोष्ट आहे : आपली नोंद. एखाद्या शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या आवारात मोकळ्या जागी साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजावे व वहीत तारखेसह लिहावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. कोरा रकाना व शून्य यांत फरक आहे. २.५ मिलिमीटर व त्याहून अधिक असेल तो पावसाचा दिवस धरावा, आणि ६४.५ मिलिमीटरांपासून पुढे जोरदार पाऊस. त्याच वहीत पेरणीची तारीख, फुलोऱ्याची तारीख व पावसाने ताण दिलेले दिवस लिहावेत. मंडळाच्या केंद्राचा आकडा व गावचा आकडा यांत वारंवार मोठी तफावत पडत असेल, तर तीन चार हंगामांच्या अशा वहीच्या प्रती जोडून तालुका व जिल्हा कृषी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. तोंडी तक्रारीस जे वजन येत नाही ते अशा वहीस येते. प्रयोगाच्या दिवशी गावातील दोन विमेदार शेतकऱ्यांनी हजर राहून खुंटीची जागा, दोरीचे माप व तोललेले वजन पाहावे. आणि नमुना सुकल्यावर दुसरे वजन कोणत्या दिवशी घेणार, हे त्याच वेळी विचारून वहीत टिपून ठेवावे.